टाकीचा फ्लोट स्विच निवडताना

छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांच्या खंडाने येते, उन्हाळ्यात हा खंड वाढतो, आणि येण्याची वेळ मध्यरात्रीची किंवा पहाटेचीही असू शकते. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांची मांडणी ठरलेली आहे: जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि दोन्हींच्या मधे एक मोटार. मोटार चालू करायची आठवण सगळ्यांना राहते, बंद करायची राहत नाही. गच्चीवरून पाणी वाहू लागले की शेजारी हाका मारतात, तोवर शेकडो लिटर पाणी नाल्यात गेलेले असते. हौद रिकामा झाला तरी मोटार चालूच राहिली, तर काही वेळात तिचा सील जातो आणि मग वाइंडिंग जळते.

वाया जाणारे हे पाणी आपल्यापर्यंत कसे येते, तेही एकदा लक्षात घ्यावे. ते नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचे पाणी आहे. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. धरणाची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर आहे. शहर त्याहून शंभर मीटरपेक्षा जास्त उंचीवर वसले आहे. पाणी धरणातून उपसतात, फारोळ्याला शुद्ध करतात, नक्षत्रवाडीच्या टेकडीवरच्या टाकीत चढवतात आणि मग ते शहरातल्या जलकुंभांकडे सोडतात. सुमारे चाळीस किलोमीटरची वाट आणि एवढी चढण पार करून आलेले पाणी शेवटच्या तीस-चाळीस फुटांवर, एका अडकलेल्या फ्लोटमुळे सांडावे, याचे वाईट वाटायलाच हवे. जिथे नळ पोचलेला नाही, त्या सातारा-देवळाईसारख्या भागांत तर पाणी टँकरने विकत येते. तिथे सांडलेल्या पाण्याची किंमत थेट खिशातून जाते.

यावरचा उपाय म्हणजे पाण्याची पातळी ओळखून मोटार आपोआप चालू-बंद करणारा स्विच. दोन-तीनशे रुपयांच्या साध्या फ्लोटपासून काही हजारांच्या कंट्रोलरपर्यंत तो सगळीकडे मिळतो. दुकानात गेल्यावर आपण किंमत विचारतो, कंपनी विचारतो, वॉरंटी विचारतो. माझा आग्रह आहे की याआधी आणखी एक प्रश्न विचारावा: हा स्विच बिघडला, तर मोटार चालू राहील की बंद होईल? कोणताही स्विच कधी ना कधी बिघडणारच. तो बिघडल्यावर कमीत कमी नुकसान व्हावे अशी निवड आणि अशी जोडणी करणे, यालाच मी भरवसा म्हणतो.

भरण्याचे काम वेगळे, उपसण्याचे वेगळे

पातळीच्या स्विचकडून आपण दोन उलट कामे करून घेतो. गच्चीवरची टाकी भरताना पाणी वर आले की मोटार बंद व्हायला हवी. तळघरात साचलेले पाणी उपसताना पाणी वर आले की मोटार चालू व्हायला हवी.

बिघाडाचा हिशेबही त्यामुळे उलटा होतो. टाकी भरणारा स्विच बिघडून मोटार बंद राहिली, तर फार तर नळाला पाणी येत नाही, आपण जिना चढून बघतो आणि दुरुस्ती करतो. तळघराचा स्विच बिघडून मोटार बंद राहिली, तर गाड्या, मीटर आणि लिफ्टची यंत्रणा पाण्यात जाते. तिथे मोटार थोडी जास्त चाललेली परवडते.

होडीत हाच हिशेब जिवावरचा ठरतो. होडीच्या तळात झिरपलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाला असाच स्विच असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. या काळात जी होडी नांगरावर पाण्यात उभी राहते, तिच्यात पाऊस साचत जातो आणि बघायला माणूस नसतो. तो एक स्विच अडकला तर होडी जागच्या जागी बसते. म्हणूनच होडीवाले ‘ऑटो, बंद, मॅन्युअल’ असा तीन जागांचा खटका ठेवतात आणि फ्लोटची वायर मुख्य खटक्याच्या आधी, वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडतात. कोणी मुख्य खटका बंद करून घरी गेला, तरी पंप जागा राहतो. शहरात तळघराचा पंप बसवणाऱ्याने ही रीत जशीच्या तशी उचलावी.

बाजारात मिळणारे प्रकार

वायरचा फ्लोट सगळ्यांत जास्त खपतो. पेरूच्या आकाराचा प्लॅस्टिकचा गोळा वायरीला लटकलेला असतो. पाणी वर आले की गोळा तरंगून उलटा होतो, आतली स्टीलची गोळी घरंगळते आणि छोटा स्विच दाबला जातो. रचना साधी आहे आणि पाण्याच्या क्षाराचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. बिघाड बहुधा तीन असतात. वायर जिथे गोळ्यात शिरते, तिथून पाणी आत जाते, मग गोळा जड होऊन बुडतो, आणि स्विच टाकी रिकामी आहे असे समजून मोटार चालूच ठेवतो. दुसरे, आतले संपर्क ठिणग्यांनी एकमेकांना चिकटतात. तिसरे, गोळा पाइपला किंवा भिंतीला अडकतो. पूर्वी काही फ्लोटमध्ये पारा असे. पाऱ्याच्या वापरावर बंधने आणणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. जुना पाऱ्याचा फ्लोट घरात असेल तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून तो काढून टाकावा. गोळा फुटला तर पारा थेट पाण्यात जाईल.

उभ्या दांडीचा चुंबकी फ्लोट हा दुसरा प्रकार. दांडीवर चुंबक बसवलेली रिंग वर-खाली सरकते आणि दांडीच्या आत काचेच्या नळीत बंद असलेला छोटा रीड स्विच चालू-बंद होतो. जागा कमी लागते, त्यामुळे लहान टाकीत हा बरा. मात्र हे संपर्क नाजूक असतात. मोटारीचा प्रवाह त्यांच्यातून थेट जाऊ दिला तर ते लगेच चिकटतात, म्हणून हा फ्लोट नेहमी रिले असलेल्या कंट्रोलरबरोबरच वापरायचा. दांडीवर क्षार किंवा शेवाळ साचले की रिंग अडकते.

तिसरा प्रकार प्रोबचा, ज्याला आपण सेन्सर म्हणतो. टाकीत वेगवेगळ्या उंचीवर स्टीलच्या कांड्या सोडतात आणि पाणी त्यांना टेकले की थोडासा प्रवाह वाहून कंट्रोलरला इशारा मिळतो. यात हलणारा भाग नाही, हा मोठा गुण. पण बिघाडाच्या प्रश्नाशी नीट ताडून बघा. टाकी भरल्याचा इशारा वरच्या प्रोबला पाणी टेकल्यावर मिळतो. त्या प्रोबवर क्षाराचा थर बसला किंवा त्याची वायर तुटली, तर इशारा पोचतच नाही आणि मोटार चालू राहते. म्हणजे या प्रकारात वायर तुटणे हा सांडण्याच्या बाजूचा बिघाड आहे. वायरच्या फ्लोटमध्ये नीट जोडणी केली असेल तर वायर तुटल्यावर मोटार बंद पडते. प्रोबच घ्यायचा असेल तर दोन गोष्टी बघा: कांड्या चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात, आणि कंट्रोलर त्यांना एकदिश प्रवाह न देता उलटसुलट प्रवाह देणारा हवा. सतत एकदिश प्रवाह मिळाला की कांडी गंजते आणि तिच्यावर क्षार साचतो.

याशिवाय टाकीच्या झाकणाला लावून वरून ध्वनिलहरींनी पातळी मोजणारी आणि मोबाइलवर दाखवणारी उपकरणेही मिळतात. सोसायटीच्या मोठ्या टाकीत रोजचा हिशेब ठेवायला ती उपयोगी आहेत. झाकणाखाली वाफ धरली तर मोजणी चुकते, आणि सेन्सरच्या अगदी जवळ आलेले पाणी त्याला दिसत नाही. म्हणून मोटार बंद करण्याची अखेरची जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकू नये.

पाणी कसले, त्यावर स्विच

हौदात फक्त नळाचे पाणी येत असेल तर कोणताही चांगला प्रकार चालतो. बोअरचे पाणी असेल तर विचार करावा लागतो. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट आहे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. बादलीच्या काठावर, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसत असेल तर तोच थर प्रोबवर आणि चुंबकी फ्लोटच्या दांडीवरही बसणार. अशा घरात वायरचा फ्लोट जास्त काळ टिकतो. टँकरच्या पाण्याबरोबर गाळ येतो, म्हणून हौदातला खालचा फ्लोट तळाला टेकू देऊ नये. आरओच्या शुद्ध पाण्याच्या टाकीची गोष्ट उलटी: त्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की प्रोबला पुरेसा प्रवाह मिळत नाही. तिथे फ्लोटच लावावा. पिण्याच्या पाण्यात वायर कायम बुडालेली राहते, त्यामुळे फ्लोट आणि त्याची वायर पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असल्याचे डब्यावर लिहिलेले हवे.

डब्यावरचे आकडे वाचा

फ्लोटवर ‘१६(४) अँपिअर, २५० व्होल्ट’ असे काहीतरी छापलेले असते. दुकानदार सोळाचा आकडा सांगतो. पण तो आकडा बल्ब किंवा हीटरसारख्या साध्या भाराचा असतो. कंसातला आकडा मोटारीसारख्या भाराचा, आणि आपल्याला तोच हवा. वरच्या उदाहरणात हा फ्लोट मोटारीसाठी फक्त ४ अँपिअरचा आहे.

आता आपली मोटार बघा. एक एचपीची सिंगल फेज मोटार चालताना साधारण ६ ते ८ अँपिअर घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणजे सोळा अँपिअरचा म्हणून विकत घेतलेला हा फ्लोट एक एचपीच्या मोटारीला पुरत नाही. रोज दोनदा ही ओढ सोसून त्याचे संपर्क एक दिवस चिकटतात आणि मोटार थांबतच नाही. मोटारीवरच्या पट्टीवर तिचा अँपिअर लिहिलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्या. अर्ध्या एचपीच्या मोटारीला मोठ्या रेटिंगचा फ्लोट थेट चालू शकतो. एक एचपी आणि त्यापुढे मात्र फ्लोटने फक्त कॉन्टॅक्टर चालवावा, आणि मोटारीचा प्रवाह कॉन्टॅक्टरमधून जावा. कॉन्टॅक्टर घेतानाही ‘एसी-३’ या रकान्यातला आकडा बघा, कारण मोटारीच्या कामाचे रेटिंग त्या रकान्यात असते.

आणखी दोन गोष्टी. ‘आयपी ६८’ हे चिन्ह असेल तर फ्लोट कायम पाण्यात राहण्यासाठी बनवलेला आहे. आणि वायर रबराची आहे की पीव्हीसीची, ते विचारा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गच्चीवर साधे पीव्हीसी कडक होते, तडकते, आणि कडक वायर गोळ्याला मोकळेपणाने फिरू देत नाही. वायर पुरेशी लांब घ्या, म्हणजे टाकीच्या आत जोड द्यावा लागणार नाही. पाण्यात जोड नको, हा नियम कधीही मोडू नका.

जोडणी: दोन फ्लोट, एक साखळी

घरासाठी सगळ्यांत भरवशाची मांडणी साधी आहे. एक फ्लोट गच्चीच्या टाकीत आणि एक हौदात. टाकी भरली की वरचा फ्लोट मोटार तोडतो, हौद रिकामा झाला की खालचा तोडतो. दोन्ही एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायचे, मग दोघांनी होकार दिला तरच मोटार चालते. यातली कोणतीही वायर निघाली, उंदराने कुरतडली किंवा उन्हाने तुटली तर मोटार बंद पडते. भरण्याच्या कामात बिघाड झालाच तर तो याच बाजूला झालेला बरा.

हौदातला फ्लोट लोक खर्च वाचवायला टाळतात. आपल्या शहरात तो टाळूच नये. इथे नळ येण्याच्या आदल्या दिवशी हौद तळाला गेलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच मोटार कोरडी चालण्याची वेळ येते. फूट व्हॉल्व्हच्या वर किमान वीतभर पाणी उरले असताना मोटार बंद होईल, अशा उंचीवर तो बांधावा.

फ्लोटमध्ये बहुधा तीन वायरी असतात: एक सामाईक, एक भरण्यासाठी, एक उपसण्यासाठी. रंगांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे फक्त रंग बघून जोडू नका. वायरमनला मल्टिमीटर लावून तपासायला सांगा: गोळा खाली लटकलेला असताना कोणत्या दोन वायरी जुळतात आणि उलटा केल्यावर कोणत्या. टाकीसाठी खाली लटकताना जुळणाऱ्या दोन घ्यायच्या. हौदातल्या फ्लोटसाठी उलट, वर तरंगताना जुळणाऱ्या. ही अदलाबदल झाली की नवा कोरा फ्लोटही नेमका उलटा वागतो. न वापरलेल्या तिसऱ्या वायरीचे टोक नीट बंद करून घ्या.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नको. फ्लोटने नेहमी फेज तोडायचा, न्यूट्रल नव्हे. ज्या पाण्याने घर अंघोळ करते त्या पाण्यात २३० व्होल्टची वायर सोडतो आहोत, याचे भान ठेवून मोटारीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच. त्याहून उत्तम म्हणजे फ्लोटपर्यंत फक्त १२ किंवा २४ व्होल्ट जाऊ देणारा कंट्रोलर. सोसायटीत थ्री फेज स्टार्टर असेल तर जास्त सावध राहा. अशा अनेक स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते, आणि फ्लोट थेट कॉइलच्या वायरीत घातला तर तोच दाब टाकीपर्यंत पोचतो. तिथे कमी व्होल्टचा कंट्रोलर सक्तीचा समजा.

बोअरच्या सिंगल फेज सबमर्सिबलसाठी अनेकदा सुरुवातीचा कपॅसिटर आणि चालू-बंदची बटणे असलेले पॅनेल असते. त्यात नुसता फ्लोट घालून काम होत नाही, कारण चालू करणारे बटण दाबायला माणूस लागतो. अशा पॅनेलला जुळणारा, बटण दाबण्याचे कामही करणारा कंट्रोलर मागा.

बसवताना

वायरच्या फ्लोटला फिरायला मोकळी जागा लागते. टाकीची भिंत, शिडी, पाइप यांना तो कुठल्याही पातळीवर टेकता कामा नये. पाणी जिथून टाकीत पडते, तिथूनही तो दूर हवा, नाहीतर लाटांनी हलत राहतो आणि मोटार क्षणोक्षणी चालू-बंद होते. वायरीवर सरकणारे वजन दिलेले असते. वजन आणि गोळा यांच्यातली वायर लांब ठेवली तर चालू आणि बंद यांच्या पातळ्यांत जास्त अंतर पडते. मोटारीच्या आयुष्यासाठी हे अंतर भरपूर ठेवावे: टाकी निम्मी रिकामी झाल्यावर एकदाच भरणे, दर बादलीला मोटार सुरू होण्यापेक्षा केव्हाही चांगले. ५०० लिटरच्या टाकीत एवढी जागा मिळत नसेल तर उभ्या दांडीचा फ्लोट घ्या.

कंट्रोलरचा डबा गच्चीवर उन्हात लावू नका, जिन्याखाली किंवा मीटरजवळ सावलीत लावा. टाकीचे झाकण घट्ट बसले पाहिजे. प्रकाश आत गेला की शेवाळ धरते, आणि शेवाळ फ्लोटला अडकवते.

एक खबरदारी नळाच्या बाजूचीही. नळ मध्यरात्री आला आणि हौद भरून वाहू लागला, तर विजेचा स्विच त्याला थांबवू शकत नाही. हौदाच्या तोंडाशी पितळी बॉल कॉक लावा. त्याला वीज लागत नाही. आणि नळाच्या लाइनला थेट मोटार लावू नका. ते नियमात बसत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जाते, आणि लाइनला गळती असेल तर बाहेरची घाणही आत ओढली जाते.

लाईट गेली आणि आली

मोटार चालू असताना लाईट गेली, तर परत आल्यावर कंट्रोलर काय करतो, हे घेण्याआधी विचारा. काही आपोआप पुन्हा सुरू होतात, काही बटणाची वाट बघतात. नळाचे पाणी पहाटे येत असेल तर पहिलाच हवा. पण लाईट आल्यावर काही सेकंद थांबून मगच मोटार सुरू करणारा घ्या, कारण वीज येताना व्होल्टेज डळमळीत असते. कमी व्होल्टेजला कॉन्टॅक्टर फडफडतो, ठिणग्या उडतात आणि संपर्क चिकटतात. म्हणून कमी-जास्त व्होल्टेजला मोटार तोडणारी सोय ही सोसायटीसाठी तरी आवश्यक गोष्ट आहे. कंट्रोलर बिघडला तरी मोटार हाताने चालवता येईल असा खटका हवाच, आणि तो मॅन्युअलवर असताना वेगळा दिवा लागला पाहिजे. दुरुस्तीनंतर मॅन्युअलवर राहून गेलेल्या खटक्यामुळेही टाक्या सांडतात.

दुसरा पहारा

एकच स्विच, कितीही चांगला असला तरी, पुरेसा नाही. त्याच्या मागे दुसरा पहारा ठेवा, आणि तो वेगळ्या तत्त्वावर चालणारा असू द्या.

पहिला सोपा पहारा वेळेचा. समजा मोटार तासाला २००० लिटर पाणी चढवते आणि टाकी १००० लिटरची आहे. म्हणजे रिकामी टाकी अर्ध्या तासात भरते. मग कंट्रोलरमध्ये कमाल वेळ ४० मिनिटे लावा. फ्लोट अडकला तरी मोटार ४० व्या मिनिटाला बंद होईल, आणि काहीशे लिटरवर नुकसान थांबेल. फ्लोट नसलेल्या घरातही एक टायमर लावला तरी अर्धे काम होते.

दुसरा पहारा ओव्हरफ्लोच्या पाइपचा. आपल्याकडे तो बहुधा गच्चीवरच किंवा मागच्या गल्लीत सोडलेला असतो, त्यामुळे टाकी सांडते आहे हे घरातल्या कोणाला कळत नाही. तो पाइप पुढच्या दारासमोर, येता-जाता दिसेल आणि आवाज येईल अशा जागी उतरवा. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहरासाठी बांधवलेली नहर-ए-अंबरी निव्वळ उताराच्या बळावर पाणी खेळवत असे. ओव्हरफ्लोचा पाइपही त्याच बळावर चालतो. त्यात बिघडण्यासारखे काही नाही, फक्त तोंडाला जाळी लावून तो मोकळा ठेवायचा.

तळघर आणि लिफ्टचा खड्डा

तळघरात वाहनतळ किंवा दुकाने असलेल्या इमारतींनी उपशाच्या पंपाकडे वेगळ्या नजरेने बघावे. इथे स्विच वर्षातले दहा महिने कोरडा पडून असतो आणि एका रात्रीत त्याला काम करून दाखवायचे असते. धूळ, चिखल, प्लॅस्टिकच्या पिशव्या त्याला अडकवतात. खड्डा अरुंद असेल तर वायरीचा फ्लोट भिंतीला टेकतो, म्हणून उभा फ्लोट बरा. खड्ड्याच्या तोंडावर जाळी हवी. पहिल्या फ्लोटच्या वर वीतभर अंतरावर दुसरा, वेगळ्या वायरीचा फ्लोट लावा आणि त्याला फक्त मोठा आवाज करणारी घंटा जोडा. पहिला हुकला, तर दुसरा रखवालदाराला उठवेल.

ज्या वादळी पावसात तळघरात पाणी शिरते, त्याच पावसात लाईटही जाते. यासाठी होडीतला १२ व्होल्टचा छोटा पंप आणि त्याचा फ्लोट तळघरातही उपयोगी पडतो. ५ अँपिअर घेणारा असा पंप १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीची निम्मी शक्ती वापरूनही सुमारे दहा तास चालतो. मोठ्या पंपाची जागा तो घेणार नाही, पण लिफ्टच्या खड्ड्यात झिरपणारे पाणी रात्रभर हटवत राहील. गाड्यांचे ऑइल सांडणाऱ्या तळघरात, होडीच्या तळाप्रमाणेच, पाण्यावर तेलाचा थर येतो. पाण्याचा स्पर्श ओळखणारे इलेक्ट्रॉनिक स्विच तेलाने फसतात. तिथे साधा तरंगणारा फ्लोटच घ्या.

दुकानात विचारायचे सहा प्रश्न

१. माझ्या मोटारीच्या अँपिअरसाठी यावरचा मोटार-भाराचा आकडा पुरतो का?
२. वायर तुटली किंवा सेन्सर निकामी झाला, तर मोटार चालू राहील की बंद होईल?
३. टाकीत किती व्होल्टची वायर उतरणार?
४. कोरडी मोटार थांबवण्याची आणि कमाल वेळेची सोय आहे का?
५. लाईट आल्यावर हा आपोआप, थोडे थांबून सुरू होतो का?
६. नुसता फ्लोट किंवा सेन्सर बिघडला तर तो सुटा मिळतो का?

दुसऱ्या आणि सहाव्या प्रश्नाचे उत्तर देता न येणाऱ्या दुकानातून कंट्रोलर घेऊ नका. पूर्ण संच बदलावा लागणारा महाग माल, सुटे भाग सहज मिळणाऱ्या साध्या मालापेक्षा कमी भरवशाचा.

तपासणीचे वेळापत्रक

टाकी वर्षातून दोनदा धुवावी, तेव्हाच फ्लोटही धुवा. आधी मोटारीचा एमसीबी पाडायचा, मग टाकीत हात घालायचा. फ्लोट बाहेर काढून कानाशी हलवा: आत गोळी खुळखुळली पाहिजे, पाणी डचमळता कामा नये. वायर ताठ झाली असेल किंवा तिच्यावर चिरा दिसत असतील तर फ्लोट बदला. दुरुस्त करत बसू नका. प्रोबच्या कांड्यांवरचा थर व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने उतरवा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. आरसीसीबीचे तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबा. तळघराचा पंप मृग लागण्याआधी खड्ड्यात खरोखर पाणी ओतून चालवून बघा, दुसऱ्या फ्लोटची घंटा वाजेपर्यंत. सोसायटीत हे काम कोणाचे, त्याचे नाव सूचनाफलकावर लिहा. सगळ्यांवर सोपवलेले काम कोणीच करत नाही.

आज घरात जो स्विच आहे, त्याची परीक्षा पुढच्या वेळी नळ येईल तेव्हाच घ्या. मोटार चालू असताना कोरड्या लाकडी काठीने टाकीतला फ्लोट वर उचला. मोटार लगेच थांबली तर टाकीवर तारीख लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा. थांबली नाही, तर मोटारीच्या पट्टीचा फोटो काढून त्याच दिवशी वायरमनला बोलवा.